दाद की दार

दि. ४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. तुझ्या धाकट्या भावाला एकदाचा एक शहाणा डॉक्टर भेटला, ही आनंदाची बातमी कळवायला बसलोय. फोनच केला असता. पण बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढून तू निवृत्तीच्या दिवशी घरातला फोन उपटून टाकलास आणि आम्हां सगळ्यांना तिकिटं चाटायला लावलीस. असो. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पत्र दोन दिवसांत पोचतं, माझ्यापेक्षा लवकर.

तर झालं असं. तीन आठवडे पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी म्हटलं चप्पल घट्ट असेल. चप्पल बदलली, तर मुंग्याही नव्या चपलेत राहायला आल्या. शेवटी तुझ्या भावजयीनं भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि मला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त काढलं. साखर वाढलीये. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा नऊ. बाईंनी गोळ्या दिल्या आणि कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘स्नायू इन्सुलिनला दार देत नाहीत.’

अक्का, चाळीस वर्षं कुलुपं दुरुस्त करतोय, पण पांढऱ्या कोटातलं माणूस माझ्या भाषेत बोललेलं पहिल्यांदा पाहिलं! इन्सुलिन म्हणजे किल्ली. मांडीचा स्नायू म्हणजे खोली. साखर म्हणजे सामान. किल्ली फिरत नाही, दार उघडत नाही, म्हणून सामान जिन्यात पडून राहिलंय. आता अडलेलं कुलूप सोडवायचं कुणी, डॉक्टरबाईंनी की मी? ते माझ्यावर सोड.

एकच गोष्ट मनाला लागली, ती तुला सांगतो, घरात बोललो नाही. बाई म्हणाल्या, लक्ष दिलं नाही तर मुंग्या पायातच राहतील असं नाही, पुढेमागे हातालाही येतील, बोटं बधिर होतील. कुलपाच्या पोटात पाच बारीक खिट्ट्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच दिसतात. बोटं गेली तर मी नुसता स्टुलावर बसलेला म्हातारा. तीन महिन्यांनी परत रक्त तपासणार आहेत, तोवर काय ते करून दाखवायचंय.

कागद सोबत धाडतोय, वाचून परत पाठव. लोभ आहे तो उघडाच ठेव, त्याला कुलूप नको.

तुझा,
खटपट्या


दि. ७ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

कागद पाहिला, सोबत परत धाडलाय. आधी चष्म्यातून, मग भिंगातून, मग खिडकीशी धरून. अरे गाढवा, तिथं ‘दार’ नाही, ‘दाद’ आहे. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. म्हणजे ते येऊन सांगतं आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तू लहानपणी आईला जशी दाद द्यायचा नाहीस, अगदी तसं. तुला जळी स्थळी दारं दिसतात त्याला डॉक्टरबाई काय करणार?

आणि किल्लीचं खूळ डोक्यातून काढ. इन्सुलिन काही फिरवत-बिरवत नाही. ते बाहेर उभं राहून घंटी दाबतं, एवढंच त्याचं काम. घंटी वाजली की आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, थेट आमच्या एक्स्चेंजसारखा. शेवटी आत खोलवर दरवान पेंगत बसलेले असतात त्यांना तो पोचतो. ते उठून दाराशी येतात आणि साखर आत ओढून घेतात. जेवणानंतर रक्तातली सर्वांत जास्त साखर खपते ती या स्नायूंतच. तुझ्याकडे घंटी वाजते, पण निरोप मधेच तुटतो. शरीराला वाटतं ऐकू गेलं नाही, म्हणून ते आणखी इन्सुलिन पाठवतं, आणखी घंट्या. एक्स्चेंजात दिवसभर एकाच बोर्डावर घंट्या वाजल्या की शेवटी ऐकूच येईनाशा होतात, मी स्वतः अनुभवलंय.

निरोप तुटतो कशानं? दिवसाला सहा चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर, बशीत बिस्किटं, आणि बूड स्टुलाला चिकटलेलं. न वापरलेल्या स्नायूत चरबी जाऊन बसते आणि तारा बुजवते. पण एक सोय आहे. स्नायू कामाला लागला, की दरवान घंटीची वाट बघत नाहीत, आपण होऊन दाराशी येतात. म्हणून चाल. रोज चाल. गोळ्याही घे.

हे मला कसं ठाऊक म्हणशील, तर दाताच्या डॉक्टरकडे एक मासिक पडलेलं असतं, त्यात वाचलं.

हातांचं वाचून मला घास गेला नाही. चिमणीला सांगून टाक, बायकोपासून असलं लपवू नये. माया आहे म्हणून रागावते, तेवढं समजून घे.

तुझी,
अक्का


दि. १२ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन तडक डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हटलं, सोक्षमोक्ष लावा. बाईंनी स्वतःचा कागद बराच वेळ पाहिला आणि औषधं देणाऱ्या माणसाला दाखवला. त्यानं ‘दात’ वाचलं. स्नायू इन्सुलिनला दात देत नाहीत! असल्या माणसाच्या हातून आपण गोळ्या घेतो. शेवटी बाईंनी तुझ्या बाजूनं निकाल दिला, दादच आहे म्हणाल्या. घंटीचंही बरोबर आहे म्हणाल्या. तुझ्या तोंडात दात उरलेत सहा, आणि दाताच्या डॉक्टरकडे बसून तू एवढं वाचलंस, कमाल आहे.

पण तुझ्या पत्रातली चरबीची ओळ वाचली आणि मी हातातली कानस खाली ठेवली. चरबी म्हणजे तेलच की! अक्का, कुलूप अडलं की लोक काय करतात? स्वयंपाकाचं तेल ओततात. दोन दिवस मऊ चालतं. मग तेल धूळ धरतं आणि आत काळा चिखल होतो. चाळीस वर्षं घसा सुकवून सांगतोय, कुलपात तेल घालू नका, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. आणि त्याच चाळीस वर्षांत मी स्वतःच्या मांडीत तेल ओतत बसलो होतो! मला फार लाज वाटली. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला काही कळेना, त्याची किल्ली मी दोनदा कापली.

उपाय आता उघड आहे. तो मी सुरू केलाय, गुण आला की कळवीन.

चालण्याचं मात्र जमायचं नाही. एक तर किल्लीवाचून, घंटीवाचून उघडणारं दार, याला आमच्या धंद्यात चोरी म्हणतात. आणि दुसरं, बिनकामाचा रस्त्यानं चालणारा माणूस मी नव्हे. कुणी विचारलं कुठं निघालात, तर काय सांगू? मांडीतले दरवान उठवायला? काम असेल तर डोंगर चढेन, बिनकामाचा कोपऱ्यापर्यंत जाणार नाही.

तुझा राग पोचला, मायाही पोचली, दोन्ही ठेवून घेतलं.

तुझा,
खटपट्या


दि. २२ जून

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हांला पत्र लिहायची वेळ आणली बघा यांनी. आता मीच तुमची चिमणी हात टेकते.

गेल्या आठवड्यापासून दुकानात पेन्सिली संपायला लागल्या. डझन आणल्या, गेल्या. परत डझन आणल्या, त्याही गेल्या. मी म्हटलं गिऱ्हाइकांची कुलुपं असतील. परवा तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी पाय बघायला पँट वर सरकवली, आणि वन्सं, दोन्ही पाय घोट्यापासून वर काळेठिक्कर, वर चकाकी! बाई किंचाळल्याच. शेजारच्या खोलीतले ऑपरेशनवाले डॉक्टर धावत आले. रक्त थांबलंय, पाय वाचतील का, असलं काहीबाही बोलायला लागले. हे मात्र खुर्चीत बसून मंद हसत होते. शेवटी त्या मोठ्या डॉक्टरांनी बोटानं घासून पाहिलं, तर यांचा पाय गोरा आणि त्यांचं बोट काळं. मग हे शांतपणे सांगू लागले, तेल पडलेल्या कुलपाला शिसं लागतं, बाहेरून आत मुरायला वेळ लागेल. नर्सनं फायलीत काय लिहिलं माहितीये? ‘पाय : पेन्सिल’. गाद्यांच्या चादरी अजून पाण्यात आहेत.

आता तुम्ही हसाल. मीही हसले. पण काल दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर हे डोळे मिटून बसलेले. पुढ्यात दहा किल्ल्या. एकेक बोटांनी चाचपून कुठल्या कुलपाची ते ओळखत होते. मी दारातच उभी राहिले. नऊ ओळखल्या. दहावी हातात घेऊन खूप वेळ फिरवली, मग डोळे उघडले. ती आमच्या घराची होती. मला पाहून म्हणाले, बघ, घरचीच ओळखू आली नाही, आणि हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. बोटं खरंच मंदावलीत की भीतीनं तसं वाटतंय, देव जाणे. घरी परत येताना रडले.

गोळ्या घेतात, चहात साखर घालायची मी बंद केलीये. पण चालायचं नाव काढलं की काम काढा म्हणतात. काम कुठून काढू? तुमचं तेवढं ऐकतात, तुम्हीच काहीतरी करा. तुमचा हात डोक्यावर राहू द्या, एवढंच मागते.

तुमची,
चिमणी


दि. २५ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. माझ्या दाराचं कुलूप अडलंय. किल्ली अर्ध्यात फिरते आणि थांबते, दार खांद्यानं ढकलावं लागतं. हे तू एकोणीस वर्षांचा असताना मला नोकरी लागली म्हणून स्वतःच्या हातांनी बनवून दिलेलं कुलूप आहे, आजवर कधी कुरकुरलं नाही.

मला ठाऊक आहे, मी पाचव्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गेली चार वर्षं तू खालून जिना बघूनच पत्रात भेटतोस. बसही मोठ्या रस्त्यालाच सोडते, पुढे दहा मिनिटं पायी. तुला जमत नसेल तर तसं कळव. चौकात तो बटणवाल्या कुलुपांचा नवीन दुकानदार आलाय, तो म्हणतो तुमचं जुनं काढून फेकतो आणि आकडे दाबायचं बसवतो. किल्लीच नको म्हणतो.

बुधवारी सकाळी मी घरीच आहे. येशील ही खात्री बाळगून आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
अक्का


दि. २० जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तीन बुधवार झाले तुझ्याकडे येतोय, आता स्पष्टच लिहितो. तुझ्या घराला काहीतरी झालंय.

पहिल्या बुधवारी ब्याण्णव पायऱ्या मोजल्या आणि चार वेळा बसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खुर्ची काढून दिली, माणूस वर जातोय की वरती जातोय अशी त्यांना शंका आली असावी. कुलूप उघडून आतला चिखल काढला, शिसं घातलं, झकास चालायला लागलं. दुसऱ्या बुधवारी परत तोच चिखल! त्या दिवशी लहान कानस बसस्टॉपवरच्या बाकावर राहिली, म्हणून पाच मजले उतरलो आणि पाच चढलो. तिसऱ्या बुधवारी पुन्हा चिखल. अक्का, चाळीस वर्षांत असं निलाजरं कुलूप पाहिलं नाही. माझ्या हातचं आहे म्हणून जास्त लागतं. तुझ्या मजल्यावर हवाच तेलकट आहे की काय?

एक गंमत आहे. चिमणी त्या सुईच्या यंत्रानं माझ्या बोटातलं रक्त तपासते. बुधवारी संध्याकाळी आकडा खाली येतो, गुरुवारी सकाळीही बरा असतो, मग हळूहळू चढतो. तुझे दरवान खरेच असावेत. मी मात्र चिमणीला सांगितलं, कुलपाचं काम केलं की माझंही कुलूप सुटतं. ती का हसली कळलं नाही.

बुधवारी येतोच. त्या बटणवाल्याला उंबऱ्यात उभा करू नकोस. आणि बिनसाखरेचा चहा मी मागायच्या आधीच तू दिलास, तुझ्याकडे साखरेचा डबासुद्धा दिसला नाही, हे कधीपासून?

तुझ्या लोभाला इतक्या पायऱ्या आहेत हे ठाऊक असतं तर आधीच दम साठवला असता.

तुझा,
खटपट्या


दि. २३ जुलै

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र वाचून फाडून टाक. डब्यात ठेवू नकोस, तो डबे उघडतो.

दर मंगळवारी दुपारी मी कानात औषध घालायची नळी घेते आणि कुलपात तळणीचं उरलेलं तेल सोडते. वर थोडी झाडलोटीची धूळ फुंकते, म्हणजे चिखल दाट होतो. करताना अगदी जिवावर येतं गं. इतकं गुणी कुलूप, त्यानं हे मन लावून केलेलं, आणि मी त्याच्या नरड्यात तेल ओततेय. पण याला काम लागतं, तर घे म्हणावं काम. कानसही मीच काढली होती त्याच्या पिशवीतून, दुसऱ्या बुधवारी. बाकावर राहिली असं तो समजतो. खाली जाऊन शोधून आला, ती मात्र इथंच पायपुसण्याखाली होती.

परवा तो चौथ्या मजल्यावर थांबला नाही, सरळ आला. तुला कळवावं वाटलं. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत त्याला काही सांगू नकोस. माझा जीव तुम्हां दोघांत आहे, तो सांभाळा.

तुझी,
वन्सं


दि. ११ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रिपोर्ट आला. नवाचे सात पूर्णांक एक झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्यांचं काम आहे, साखर सोडल्याचं आहे, आणि सगळ्यात जास्त कौतुक त्या जिन्याचं. मुंग्या अगदी गेल्या नाहीत, पण वरही सरकल्या नाहीत. काल डोळे मिटून दहा किल्ल्या ओळखल्या, दहाच्या दहा. घरची सगळ्यात आधी ओळखली. चिमणी जेवणाचा डबा तिथंच टाकून रडायला लागली, मग मलाही राहवलं नाही. गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परत गेलं.

आता दुसरं. पहिल्याच बुधवारी मला तळणीचा वास आला होता. कुलपात तेल कुणी घातलं हे मला ओळखता येऊ नये? मी कुलूपवाला आहे की भाजीवाला? पण बसमध्ये एकानं विचारलं कुठं निघालात, आणि मी म्हटलं, बहिणीचं कुलूप बिघडलंय. किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणून गप्प राहिलो. कानस पायपुसण्याखाली आहे हेही पायाला लागलं होतं. ती तशीच ठेवून मी परत पाच मजले उतरलो, ते मात्र तुझ्यासाठी.

चौथ्या बुधवारी फडकं शोधायला तुझ्या त्या फोन ठेवायच्या कोनाड्याचं दार उघडलं. फोनच्या जागी गोळ्यांचं पाकीट होतं. मी घेतो त्याच गोळ्या. खाली सहा वर्षांचे कागद, तारखेनं लावलेले, आणि सगळ्यांत जुन्यावर स्वच्छ अक्षरात तीच ओळ. दाद. म्हणून तुला भिंगातून ‘दाद’ दिसली होय! दाताचा डॉक्टर म्हणे. मासिक म्हणे.

मला फार राग आला, अक्का. अजूनही आहे. सहा वर्षं तू पाचव्या मजल्यावर एकटी हे गिळत बसलीस आणि मला पत्रातून हवापाणी कळवत राहिलीस. तुझे ताजे रिपोर्टही पाहिले, चांगले नव्हते. खाली कधी उतरतेस विचारलं तर वाणी सामान वर आणून देतो म्हणालीस.

तेव्हा आता ऐक. ऑगस्टभर माझा गुडघा दुखला आणि मी तिसऱ्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या खुर्चीत बसून हाका मारल्या, ते आठवतं? किल्ली घेऊन खाली ये, बॅटरी घेऊन ये, किल्ली चुकीची आणलीस, परत जा. गुडघा ठणठणीत आहे. एका बुधवारी तू चार खेपा केल्यास, प्रत्येक खेपेला मला शिव्या दिल्यास, आणि शेवटच्या खेपेला कठडा न धरता उतरलीस. शिंपीणबाईंनी तुझ्या पायऱ्या मोजल्या, त्यांना मी सगळं सांगून ठेवलं होतं.

तुझा रिपोर्ट कधी आहे ते लिही. खरं लिही. माझा राग आणि लोभ सध्या एकाच किल्लीनं उघडतात, हे ध्यानात ठेव.

तुझा,
खटपट्या


दि. १३ सप्टेंबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

चोरा! शिंपीणबाईंनासुद्धा फितवलंस! मी त्या बाईला गुडघ्यावर लावायला तेल देऊन आले होते तुझ्यासाठी.

दाताच्या डॉक्टरकडे मी तीन वर्षांत गेलेले नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप जोडून दिले रे, स्वतःचा निरोप कुणाला लावून द्यायचा तेच सुचलं नाही. आधी वाटलं, तुला कशाला काळजी. मग इतके दिवस झाले की सांगायची लाज वाटायला लागली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खूप भ्याले, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं, की आता मी एकटी नाही. त्याची मला अजून शरम वाटते. चुकलं माझं.

रिपोर्ट कालच आणला. स्वतः जाऊन आणला, ब्याण्णव उतरून आणि ब्याण्णव चढून. आठ पूर्णांक दोनचे सात पूर्णांक चार. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, भाऊ कुलूपवाला आहे.

आज मी नळी धुऊन ठेवून दिली. कुलूप उत्तम चालतंय. किल्ली एका बोटानं फिरते. तुला इथं काहीही काम नाही.

बुधवारी ये.

तुझी,
अक्का